दाराजवळची फळी

प्रार्थनाघराच्या दाराशी एक फळी करकरायची आणि त्या करकरण्यावर आमचा संसार उभा होता. ऐकणाऱ्याला वाटेल, बाई मीठमिरची लावून सांगतेय. पण माझ्या नवऱ्याला दिसत नव्हतं, अजिबात दिसत नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही ते केवळ त्या फळीमुळे.

हे तिथले पाळक. आठवड्याच्या प्रार्थनेला ग्रंथातली वचनं वाचायची, चार शब्द बोलायचे, शेवटी हात उंचावून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा. मधल्या दिवसांत आजाऱ्यापाशी बसायचं, कुणाच्या घरात वाजलं तर दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या आणि कुणाचीच घ्यायची नाही. त्याबदल्यात मंडळी आमचं पोट सांभाळायची आणि प्रार्थनाघराच्या मागच्या दोन खोल्या राहायला द्यायची. खोल्या पाळकाच्या, म्हणजे पाळक असेपर्यंतच्या. आमच्या आधीच्या पाळकांना ऐकू येईनासं झालं तेव्हा मंडळींनी डोळ्यांत पाणी आणून त्यांचा निरोपसमारंभ केला आणि महिन्याच्या आत खोल्या रिकाम्या करून घेतल्या. ते भाच्याच्या गोदामात एका कोपऱ्यात राहिले आणि तिथेच गेले. त्यांच्या जागी आलेल्या आम्ही दोघांनी त्यांच्याच पलंगावर झोपून ही गोष्ट ऐकली होती. ती मी विसरले नव्हते.

ह्यांचा काचबिंदू. आधी कडेकडेचं जग गेलं, मग मधलं, मग उजेडसुद्धा. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. जसा काही आम्ही हौसेनेच केला होता. डोळे मात्र दिसायला होते तसेच राहिले, स्वच्छ आणि शांत. समोरच्याला वाटायचं की पाळक आपल्याकडेच बघताहेत. मुलीकडे जावं तर तिचं घर काडेपेटीएवढं, त्यात तिचे सासू-सासरे. मी ह्यांना म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, जेवढे दिवस झाकता येईल तेवढे झाकू. ह्यांना ते पटलं नव्हतं. म्हणाले, खोटं मी बोलणार नाही. मी म्हटलं, बोलू नकाच, नुसतं सांगू नका. त्यात फरक आहे की नाही यावर आमचं चांगलं भांडण झालं, आणि भांडणात नेहमी जिंकते तीच जिंकली.

मग मी ह्यांना नव्याने प्रार्थनाघर शिकवलं. वचनं सगळी पाठच होती, ग्रंथ नुसता हातात धरायचा. एकदा तो उलटा धरला गेला. तेव्हापासून मी वरच्या बाजूला पुठ्ठ्याला एक दोऱ्याची गाठ शिवून टाकली. मधल्या वाटेवर एक फरशी खचलेली होती, पाय किंचित खाली गेला की समजायचं, आता चौथरा आला. चौथऱ्याच्या कठड्याचा उजवा कोपरा तुटका होता, तिथे हात ठेवायचा. डावीकडची एक खिडकी धड लागत नसे. तिच्यातून येणारा वारा डाव्या गालाला लागला म्हणजे तोंड लोकांकडे आहे. जे जे मोडकं होतं ते ते आमच्या उपयोगाचं होतं. आणि अगदीच काही चुकलं तर माझा खोकला होता. मी पहिल्या बाकावर बसायची. खोकला समोरून आला म्हणजे सगळं ठीक.

पण सगळ्यांत मोठी होती ती फळी. दारातून येणाऱ्या प्रत्येकाचा पाय तिच्यावर पडायचाच, आणि हे दाराजवळ उभे राहून प्रत्येकाला नावानिशी हाक मारायचे. शिंपीदादा एका पायाने लंगडत. त्यांचा एक पाय पडला की फळी लांब कण्हायची, दुसरा पडला की नुसती चुटकन वाजायची. तेलघाण्याचे मालक, ज्यांना सगळे तेलवाले म्हणत, ते आले की ती अशी ओरडायची की तिची दया यावी. शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई दटावल्यासारखी छोटी छोटी पावलं टाकत, जणू फळीने त्यांचा गृहपाठ केला नसावा. हे ऐकायचे आणि हसून म्हणायचे, या दादा, गुडघा कसा आहे? या बाई, आज लवकर? लोक घरी जाऊन सांगत, पाळकांचं लक्ष बघा कसं असतं, आपण दारात पाय ठेवला की ओळखतात. मी ऐकायची आणि देवाचे आभार मानायची. फळीचेही मानायची, खरं तर तिचे जास्त.

आणि मग तेलवाल्यांना प्रार्थनाघर दुरुस्त करायची बुद्धी झाली.

माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. ते आमच्या खोलीत आले, चहा घेतला, आणि म्हणाले की तुम्ही इतकी वर्षं ह्या पडक्या जागेत उभे राहून आमच्यासाठी प्रार्थना केलीत, आता तुमच्यासाठी आम्ही ही जागा नवी करणार. खर्च त्यांचा, देखरेख त्यांची. एकही फरशी खचलेली राहणार नाही, एकही खिडकी वाजणार नाही. ते बोलत होते तेव्हा आमच्या छपरातून भांड्यात पाणी ठिबकत होतं, ते त्यांना ऐकूही आलं नाही. देवाचं घर देखणं हवं, देवाच्या माणसाचं कसंही चालतं. ह्यांनी त्यांचे आभार मानले. आवाज नेहमीसारखाच होता.

मी काय काय केलं ते आठवलं की माझं मलाच हसू येतं आणि रडूही. मंडळींच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, जुनं लाकूड आहे, त्याला हात लावू नये. म्हटलं, फळी वाजते म्हणून उशिरा येणाऱ्यांना लाज वाटते, ती राहू द्या. म्हटलं, खिडकीतून हवा येते ती बरी. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, पाळकीणबाईंना मोडक्या गोष्टींची भारीच माया. सगळे हसले. कुणीतरी मागे कुजबुजलं की ह्यांना वाटतं जागा ह्यांच्याच मालकीची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. खरं कारण सांगावं तर घर जातं, न सांगावं तर आधार जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी मी सुताराला गाठलं. तो दारापाशी रंधा मारत बसला होता. मी म्हटलं, ही एवढी फळी सोड. तो म्हणाला, बाई, ही करकर काढायलाच तर मला बोलावलंय. मग मी त्याला खरं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. त्याने हातातला रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, सोडतो. आणि त्याने सोडलीही. दाराजवळचं बाकी सगळं लाकूड उखडून नवं घातलं, पॉलिश केलं, आणि ती एक फळी पुसून, रंगवून तशीच ठेवली. मला वाटलं, सुटलो. खचलेली फरशी गेली, कठडा गेला, खिडकी लागली, पण निदान दारातली माणसं तरी ह्यांच्या हातात राहिली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तेलवाले पाहणीला आले. पहिलाच पाय त्या फळीवर. फळी आपली इमानी, रंग लावला तरी ओरडायची ती ओरडलीच. त्यांनी सुताराला सगळ्यांदेखत झापलं, सगळं केलंस आणि तोंडावरचं नाक विसरलास. आत्ताच्या आत्ता बदल. सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मी खाली बघितलं. त्याने फळी उचकटली, नवी घातली, दोन्ही टोकांना स्क्रू पिळले. तेलवाले तिच्यावर तीनतीनदा नाचून खात्री करून घेत होते. आवाज नाही. जुनी फळी काखेत मारून सुतार निघून गेला.

त्या दुपारी सगळे गेल्यावर मी ह्यांना आत नेलं. रंगाचा वास इतका की डोकं दुखावं. ह्यांनी दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा आत आले. म्हणाले, "गेली ना?" मी म्हटलं, गेली. मग आम्ही नवा कठडा हाताने पाठ केला. तो सगळीकडून सारखाच गुळगुळीत, नुसता वैताग. ठरलं असं की दारात उभं राहायचंच नाही, लोक यायच्या आधीच आत जाऊन कठडा धरून उभं राहायचं. त्याला एक हात लावून ठेवला की दिशा चुकत नाही. ह्यांनी चारपाचदा करून बघितलं आणि दर वेळी बरोबर जमलं. शेवटी कठड्यावर हात ठेवून म्हणाले की अगं, मी ह्या जागेत इतकी वर्षं उभा राहिलो आणि आज पहिल्यांदा परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतंय. मी त्यांना म्हटलं, सवय होईल. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

उद्घाटनाच्या सकाळी आमचं ठरलेलं सगळं दारातच कोलमडलं. आम्ही लवकर निघालो, पण तेलवाले त्याहून लवकर आलेले. त्यांनी ह्यांचा दंड धरला आणि म्हणाले, आज तुम्ही आमचे पाहुणे, मी नेतो. लोक जमेपर्यंत हे दारात तेलवाल्यांच्या शेजारी उभे होते आणि आत येणाऱ्या कुणालाही हाक मारत नव्हते. शिंपीदादा समोरून गेले, थबकले, वाट बघितली आणि पुढे गेले. मोठ्या बाई मला म्हणाल्या, आज पाळक रागावलेत का? मी म्हटलं, भारावलेत. नव्या फळीवरून माणसं चोरासारखी आत येत होती आणि ह्यांचं तोंड प्रत्येक कपड्याच्या सळसळीकडे वळत होतं. मला ते बघवेना.

मग तेलवाल्यांनी ह्यांना चौथऱ्यावर नेलं. मागच्या भिंतीवर नवी दगडी पाटी बसवली होती, तिच्यावर एक वचन कोरलेलं. त्यांनी ह्यांचे खांदे धरून ह्यांना पाटीकडे वळवलं आणि विचारलं, अक्षर कसं वाटलं? हे म्हणाले, फार सुंदर. आयुष्यातलं पहिलं खोटं असावं ते. तेलवाले खूश होऊन खाली उतरले आणि जाता जाता भिंतीवरचे दोन नवे पंखे सुरू करून गेले. पंख्यांची घरघर सुरू झाली. आदल्या दिवशी ते बंद होते, ते आहेत हेसुद्धा मी ह्यांना सांगितलं नव्हतं, आणि पाटी कुठल्या भिंतीवर आहे हेही नाही. हे तिथे मधोमध उभे होते. कठडा हाताला लागत नव्हता. आणि पंख्याचा वारा, मी बघत होते, ह्यांच्या डाव्या बाजूचे केस उडवत होता.

वारा डाव्या गालाला, म्हणजे लोक समोर. ह्यांनी ग्रंथावरची दोऱ्याची गाठ चाचपली, ग्रंथ उघडला आणि भिंतीकडे तोंड करून प्रार्थना सुरू केली.

आमच्यात प्रार्थना सुरू झाली की कुणी बोलत नाही, हलत नाही. सगळं प्रार्थनाघर ह्यांच्या पाठीकडे बघत बसलं होतं. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल, कुणीतरी उठेल. पण कुणी हसलं नाही. शेजारच्या बाकावर कुणीतरी डोळे पुसले. मोठ्या बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि नियम मोडून पुटपुटल्या, केवढी नम्रता ही, आज ते आपल्यातलेच एक होऊन प्रार्थना करताहेत, वचनाकडे तोंड करून. तेलवाले तर हात जोडून बसले होते, गाल ओले.

तेव्हा मला कळलं की आम्ही वाचलोय. नुसती गप्प बसले तर वाचलोय. पुढच्या आठवड्यापासून हे दर वेळी असेच उभे राहिले तरी लोक कौतुकच करतील. खोल्या राहतील, पलंग राहील, ठिबकणारं छप्पर राहील. देवाने आंधळ्याला असा रस्ता काढून दिला असेल तर मी कोण मध्ये येणारी? मी ओठ घट्ट मिटून घेतले. ह्यांचा आवाज छान लागला होता. आजाऱ्यांसाठी मागितलं, कर्त्या माणसांसाठी मागितलं, तेलवाल्यांच्या नावाने मागितलं. मग आशीर्वादाची वेळ आली. ह्यांनी ग्रंथ मिटला, हात उंचावले आणि प्रेमाने, अगदी एकेकाला बघत असल्यासारखी मान डावीकडून उजवीकडे फिरवली. समोर दगड होता. हे दगडाकडे बघून हसत होते.

ते हसू मला सहन झालं नाही. बाकीचं सगळं झालं असतं.

मी खोकले.

ह्यांचे हात हवेतच राहिले. हा खोकला समोरून यायला हवा होता. मग ह्यांनी एक हात पुढे केला आणि बोटं पाटीच्या कोरीव अक्षरांना लागली. ह्यांनी ती हळूच चाचपली. मग माझ्या खोकल्याच्या दिशेने वळले, सावकाश, पाय घासत.

"मी भिंतीला आशीर्वाद देत होतो," हे म्हणाले. "माफ करा. मला दिसत नाही. बरेच दिवस झाले."

मग सगळेच उठले. कुणी ह्यांचे हात धरले, कुणी मला जवळ घेतलं. सगळ्यांत जास्त तेलवाले रडले. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आधी सांगायचं होतं, आम्ही परके का? मला वाटलं, मी उगीचच ह्या लोकांना भ्यायले. त्या दिवशी घरी जाताना माझं मन पिसासारखं हलकं झालं होतं. मी मूर्ख.

आठवड्याभरात बैठक झाली. सगळे फार प्रेमाने बोलले. पाळकांना आता विश्रांतीची गरज आहे, ह्यावर सगळ्यांचं एकमत. एवढ्या सुंदर वास्तूत वाचणारा पाळक हवा, हे मोठ्या बाई इतक्या हळुवारपणे म्हणाल्या की मीही मान डोलावली. नवे पाळक तरुण होते, दोन लहान मुलं, त्यांना खोल्या लागणार. ते येणार म्हणून आमच्या छपराची दुरुस्ती सुरू झाली. आम्ही सामान बांधत होतो आणि डोक्यावर ठोकाठोक चालली होती. शेवटच्या दिवशी मंडळींनी ह्यांना एक चौकटीतलं चित्र भेट दिलं, नव्या प्रार्थनाघराचं, आतून काढलेलं. आंधळ्याला चित्र. ह्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि काचेवरून बोटं फिरवून म्हणाले, फार सुंदर. ह्या वेळी सगळ्यांना माहीत होतं.

आता आम्ही एका छपाईच्या कारखान्यावरच्या खोलीत राहतो. खाली यंत्रं चालतात, भांडी हलतात. मी कारखान्यात पानं मोजून गठ्ठे बांधते. मुलगी जमेल तशी येते. राहायला आलो त्या आठवड्यात सुतार दारात उभा राहिला, काखेत ती जुनी फळी. म्हणाला, पाळकबाबा, ठेवली होती. त्याने ती आमच्या उंबऱ्याच्या आत बसवून दिली, मुद्दाम ढिली. पैसे घेतले नाहीत. जाताना त्याने तिच्यावर पाय दिला आणि ती कण्हली, तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी किती दिवसांनी बघत होते.

सुरुवातीला माणसं यायची. शिंपीदादा आले, मोठ्या बाई आल्या. तेलवाले फळं घेऊन आले आणि फळीवर पाय पडताच दचकून म्हणाले, ही भवानी इथेही? हे खळखळून हसले. हळूहळू येणं कमी झालं. जिने फार आहेत, कामं असतात, नवे पाळक चांगलं बोलतात. कुणाला दोष द्यावा? आधीच्या पाळकांकडे गोदामात आम्ही तरी किती वेळा गेलो होतो. आता फळी वाजते ती माझ्याच पायाने. वाजली की हे खुर्चीतून मान वर करतात, सरसावून बसतात आणि विचारतात, "कोण?" मी म्हणते, मीच. मग हे पुन्हा मागे टेकतात. दिवसातून कितीदा तरी मला हे "मीच" म्हणावं लागतं. चोरी करताना सापडल्यासारखं वाटतं, की आले ती मीच, दुसरं कुणी नाही.

परवा मी कामावरून आले आणि दाराबाहेर थांबले. आत जावंसं वाटेना. तो "कोण" ऐकवेना. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, मी पदर खोचला, एक पाय ओढत ओढत फळीवर टाकला आणि दुसरा चुटकन टेकवला. फळी शिंपीदादांसारखी वाजली, किंवा मला तरी तसं वाटलं. हे ताठ बसले. चेहरा उजळला. "या दादा," हे म्हणाले. "गुडघा कसा आहे?"

मी तिथेच उभी राहिले, पदर तोंडात कोंबून. खाली यंत्रं धडधडत होती. हे वाट बघत राहिले, मग हसू तसंच ठेवून, अगदी हळू म्हणाले,

"त्यांचा डावा पाय अधू आहे गं. तू उजवा ओढलास."

मी रडायला लागले. ह्यांनी माझं रडणं संपू दिलं. मग दाराकडे तोंड करून, आशीर्वाद देताना करायचे तशी मान किंचित झुकवून म्हणाले, "पुन्हा बाहेर जा. आणि नीट ये."